पडद्यामागची विद्या



मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, निदान मास्तर तरी व्हावे, ही आपल्या घरातली नेहमीची भाषा. त्यात कोणी "मला नाटकाचे शिक्षण घ्यावयाचे आहे" असे म्हटले, तर काय गहजब होईल ते सांगावयास नको. मी नटाविषयी बोलणार नाही. पडदा वर गेल्यावर जो दिसत नाही, त्याच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. ज्यांच्या घरी सुतारकाम, वायरिंग किंवा शिवणकाम चालते, त्यांनी जरा अधिक लक्ष द्यावे.

नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा आणि या सर्वांची मोट बांधणारे रंगमंच व्यवस्थापन, एवढी खाती पडद्यामागे असतात. हे काम हौसेने होते असा आपला समज आहे. एक साधा हिशेब पाहा. 1000 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. असे 20 दिवे एकदम लागले की 87 अँपिअर होतात. ज्याला हे गणित येत नाही त्याच्या हाती भरलेले नाट्यगृह कसे द्यावे? एलईडी दिव्यांनी हा भार पुष्कळ उतरला, पण त्यांच्यामागून संगणक आला, म्हणजे शिकावयाचे वाढलेच. नेपथ्याचा आराखडा बहुधा 1:25 प्रमाणात काढतात. कागदावर 2 मिलिमीटर चुकले, तर रंगमंचावरचा दरवाजा 5 सेंटिमीटर चुकतो, आणि मग तो चौकटीत बसत नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने 1914 सालीच नाटकाची पदवी सुरू केली. येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅकँडलेस प्रकाशयोजना शिकवीत. ते मूळचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी. रंगमंचाचे भाग पाडावेत, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी तिरका प्रकाश टाकावा, एक उबदार छटेचा, एक थंड छटेचा, ही त्यांची पद्धत 1932 साली पुस्तकरूपाने आली आणि आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याच येलमध्ये तांत्रिक निर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. 2021 साली 15 कोटी डॉलरची देणगी मिळाल्यावर तेथील नाट्यविद्यालयाने शिक्षणशुल्कच माफ केले. तेव्हा परदेश म्हणजे फक्त श्रीमंतांचा, असे धरून बसू नका.

आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 चे. 1962 ते 1977 तेथे इब्राहिम अल्काझी संचालक होते. हे गृहस्थ पुण्यात जन्मलेले. 1963 साली त्यांनी 'अंधा युग' फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत केले. असे नेपथ्य कोणता सुतार बांधील? महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून आणि मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी 2003 पासून चालू आहे. मात्र आपल्या विद्यापीठांतून हा विषय बहुधा नाट्यशास्त्राच्या पदवीचाच एक भाग असतो. स्वतंत्र पदवी विरळाच.

तुम्ही म्हणाल, तापस सेन यांनी 1959 च्या 'अंगार'मध्ये निव्वळ प्रकाशाने खाणीत पाणी भरल्याचा भास निर्माण केला, खालेद चौधुरी यांनी 1954 साली 'रक्तकरबी'चे नेपथ्य उभारले. त्यांच्याजवळ कोठे नाटकाची पदवी होती? खरे आहे. पण त्यांनी वर्षानुवर्षे चाचपडत जे मिळवले, ते विद्यार्थ्याला तीन वर्षांत, एकाला एक जोडून मिळावे, यासाठी तर विद्यापीठ. आणखी एक. वीस वर्षे सेट बांधणारा आपला कारागीर दिवसाच्या मजुरीवरच राहतो, कारण अध्यापनाची जागा निघाली की आधी प्रमाणपत्र मागतात. पदवी नसल्याने त्याची विद्या त्याच्याबरोबरच जाते. मला याचे वाईट वाटते.

तरीही नुसत्या नावाला भुलू नका. काही ठिकाणी माहितीपत्रकात 'तांत्रिक निर्मिती' छापलेले असते आणि करवतही दिसत नाही. प्रवेशापूर्वी विचारा : कार्यशाळा आहे काय? वर्षात किती नाटके उभी राहतात? दिव्यांना विद्यार्थ्यांचे हात लागतात, की शिपाई कुलूप लावून ठेवतो? पोटापाण्याचेही स्पष्ट सांगतो. काम रात्रीचे, पगार अनिश्चित. पण प्रदर्शने, दूरचित्रवाणी, चित्रपट, मोठे समारंभ, सर्वत्र हीच माणसे लागतात. मुलींसाठी वेशभूषाच, असेही समजू नये. दिवे आणि ध्वनी त्यांनाही चांगले येतात.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर स्वतः काढलेली चित्रे, पुठ्ठ्याचा एखादा नमुना आणि शाळेच्या संमेलनात तुम्ही दिवे कोठे, कसे लावले होते त्याचा कागद जरूर न्या.