पहिली पटकथा: पप्पांची शेवटची ड्युटी

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. "पटकथा लिहायला शिकायचीय, सुरुवात कुठून करू?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून हा भाग.

आधीच सांगतो, मी काही पटकथालेखक नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करतो. आजवर एकच पटकथा पूर्ण केलीय, एका शॉर्ट फिल्मची, बारा पानांची. ती अजून शूट झालेली नाही. पण ती लिहिताना केलेल्या चुका डोक्यात ताज्या आहेत. मोठे लेखक त्यांच्या पहिल्या चुका विसरलेले असतात, त्यामुळे आत्ताच सांगून टाकतो.

विषय होता माझे पप्पा. ते एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोला. गोष्ट त्यांच्या शेवटच्या ड्युटीची. रात्री मुक्कामाची गाडी घेऊन जायचं, पहाटे परत यायचं, डेपोत हिशोब द्यायचा आणि दुपारी निरोप समारंभ. माझ्या गोष्टीत पुण्याहून मुलगा धावतपळत समारंभाला पोचतो, माइक हातात घेतो आणि वडिलांबद्दल दीड पान बोलतो. वडिलांच्या डोळ्यांत पाणी. समाप्त.

लिहून झाल्यावर मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आता पहिली अडचण, अगदी आपल्या लाइनीतली. मी पटकथा 'फाउंटन' नावाच्या पद्धतीने लिहीत होतो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, सॉफ्टवेअर त्याला पटकथेचा आकार देतं. साधी फाइल म्हणजे ती गिटमध्येही टाकता येते, म्हणून मला आवडली. पण गंमत अशी, की पात्राचं नाव कुठलं आणि वर्णन कुठलं, हे ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं? माझे सगळे संवाद वर्णनात मिसळले. उपाय सोपा आहे. पात्राच्या नावाआधी @ हे चिन्ह टाका, आणि सीनच्या मथळ्याआधी एक टिंब द्या. मग मराठीतही चालतं.

दुसरं, "एक पान म्हणजे एक मिनिट" हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो कुरियर फॉन्ट, बारा पॉइंट, ठरलेले समास, या इंग्रजी पानासाठीचा ढोबळ अंदाज आहे. मराठी फॉन्टमध्ये पान वेगळं भरतं. त्यामुळे पानं मोजत बसू नका, मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. माझ्या बारा पानांना पहिल्या वाचनात एकोणीस मिनिटं लागली, कारण सगळे नुसते बोलतच होते.

हे वाचन झालं आमच्या फ्लॅटवर, एका रविवारी. दोन मित्र आणि ऑफिसातली एक मैत्रीण. मी एकच नियम पाळला, लेखकाने वाचायचं नाही, ऐकायचं. हे जरूर करा. आपण स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेली भावना आवाजातून भरत जातो. दुसऱ्याने सपाट आवाजात वाचलं की कळतं तिथे नेमकं काय आहे.

पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं: "कंडक्टरला आठवतं, तीस वर्षांपूर्वी तो याच डेपोत रुजू झाला होता. त्याला भरून येतं." मित्र थांबला. म्हणाला, "अरे, हे कॅमेऱ्याने शूट कसं करायचं?"

मला उत्तर देता येईना. कथा-कादंबरीत "त्याला आठवतं" चालतं. पटकथेत फक्त दिसेल ते आणि ऐकू येईल ते. हे मी व्हिडिओंत दहा वेळा ऐकलं होतं, पण स्वतःच्या पानावर पकडलं गेल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

मग मी तुम्ही-आम्ही नेहमी करतो ते केलं, रिव्हर्स इंजिनिअरिंग. आवडत्या सिनेमातला एक सीन घ्यायचा, थांबवत थांबवत बघायचा आणि त्याची पटकथा आपण लिहून काढायची. मी घेतला नागराज मंजुळेंचा 'फँड्री', २०१४ साली थिएटरमध्ये आलेला. त्यातला डुक्कर पकडायचा प्रसंग आठवतोय? जब्या आणि घरचे डुकरामागे धावतायत, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागेवर उभा राहतो. बाकीचेही थांबतात. डुक्कर काही थांबत नाही.

लिहून बघा हा सीन. संवाद जवळपास लागतच नाहीत. "आमच्यावर अन्याय होतोय" असं कुणी म्हणत नाही. कोण पळतंय, कोण थांबतंय, कोण बघतंय, एवढंच लिहायचं असतं, आणि बघणाऱ्याचं पोट ढवळतं.

दुसरा सिनेमा 'श्वास', २००४ चा, संदीप सावंत यांचा. नातवाचा जीव वाचवायला ऑपरेशन करावं लागणार, पण दृष्टी जाणार. आजोबा ऑपरेशनआधी त्याला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, शहर दाखवतात. आजोबांच्या मनात काय चाललंय हे सांगायला त्यांना भाषण करावं लागत नाही. ते काय करतात, त्यातून कळतं. आपल्या पात्राला काय हवंय आणि ते मिळवायला तो प्रत्यक्ष काय करतो, हे दोन प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक सीनच्या वर लिहायला लागलो.

तर माझं पहिलं पान बदललं. आता ते असं आहे:

"आत. डेपोचं ऑफिस. सकाळ. कंडक्टर वेबिल टेबलावर ठेवतो. तिकिटाचं मशीन ठेवतो. रिकामी पेटी ठेवतो. वळतो. दारापर्यंत जातो. हात सवयीने पेटी उचलायला मागे येतो. पेटी तिथे नाही."

भरून येतं वगैरे काही नाही. वाचणाऱ्याला यायचं तर येईल.

आता शेवटाकडे येतो, कारण खरी गडबड तिथे होती. त्या रविवारी मैत्रिणीने मुलाचं दीड पानी भाषण वाचून संपवलं आणि सहज विचारलं, "हे असंच झालं होतं का रे?"

मी म्हणालो, नाही. मी गेलोच नव्हतो.

त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. पप्पांचा समारंभ महिन्याच्या शेवटच्या तारखेला. मी फोन केला, म्हणालो, "पप्पा, नाही जमत, रिलीज आहे." ते म्हणाले, "बरं. जेवलास का?" बस, एवढंच. त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आणि मी बसून पटकथा काय लिहिली, तर मुलगा धावत पोचतो अशी. जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते मी पात्राकडून करून घेत होतो. भाषण लांबलं होतं ते त्यामुळेच.

भाषण डिलीट केलं. मग आठवलं, की मी घरी गेलो तेव्हा समारंभातला नारळ देवाजवळ तसाच होता. सत्काराच्या शालीचीही घडी मोडली नव्हती. आई म्हणाली होती, "तू आल्यावर फोडू म्हटलं." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता शेवट तोच ठेवला. मुलगा घरी येतो. कुणी काही विचारत नाही. नारळ. मुलगा तो उचलतो, अंगणात जातो, पायरीवर आपटतो. पहिल्या फटक्यात फुटत नाही.

मग ते केलं ज्याची सगळ्यात भीती वाटत होती. प्रिंट काढली आणि पप्पांना वाचायला दिली. ते चष्मा लावून, पेन घेऊन बसले, जसं हिशोबाला बसायचे तसं. तासाभराने कागद परत दिले. तीन ठिकाणी पेन चाललं होतं.

पहिलं: "आधी दार बघायचं, मग डबल बेल. तुझा कंडक्टर न बघता बेल देतोय. माणूस पडेल."

दुसरं: हिशोब देण्याचा क्रम चुकला होता. बरोबर क्रम त्यांनी एक-दोन-तीन असे आकडे घालून लिहिला होता.

तिसरं: मी लिहिलं होतं, "दुसऱ्या दिवशी. मुलगा घरी येतो." त्यांनी "दुसऱ्या दिवशी" खोडून वर लिहिलं होतं, "सोळा दिवसांनी".

मी मोजलेही नव्हते. त्यांनी मोजले होते.

मी म्हणालो, "पप्पा, सॉरी. यायला पाहिजे होतं मी." ते म्हणाले, "ते दाराचं आधी दुरुस्त कर."

मंडळी, यानंतर एक शुद्ध तांत्रिक प्रश्न उरला. सोळा दिवस पडद्यावर दाखवायचे कसे? "सोळा दिवसांनंतर" अशी पाटी टाकता येते, पण ती मला पळवाट वाटली. दोन आठवडे अडकलो होतो. उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. आमच्याकडे आई दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिते, रोजच्या तारखेच्या चौकोनात. पप्पा महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाले. म्हणजे नवं पान उलटलेलं, आणि त्यावर दुधाचे सोळा आकडे. मुलगा आत येतो, पाणी प्यायला वळतो, समोर कॅलेंडर. एक शॉट.

सध्याचा ड्राफ्ट सहावा आहे. बारा पानांची नऊ झाली. वाचायला साडेदहा मिनिटं लागतात, आणि मुलगा पूर्ण फिल्ममध्ये चार वाक्यं बोलतो.

तर तुम्हाला सुरुवात करायची असेल तर हे तीन आठवड्यांचं काम घ्या. पहिल्या आठवड्यात आवडत्या सिनेमातला एक सीन बघून त्याची पटकथा लिहा. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या एका माणसाचा एक दिवस लिहा, पाच पानं, त्यात "आठवतं", "वाटतं", "जाणवतं" हे शब्द वापरायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ती पानं दुसऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि तुम्ही गप्प बसा. सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न त्यानंतर.

आणि जमलं तर ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या हातात एक प्रिंट द्या. सोबत पेनही द्या.

भेटू पुढच्या भागात.