दुकानदाराने किती वेळा बोलावे?

कुंभकोणमहून उत्तरेस निघून कोळ्ळिडम नदीवरील अणैक्करैच्या बंधाऱ्याकडे जाऊ लागले, म्हणजे वाटेत चोळपुरम् हे छोटेखानी गाव लागते. नाव चोळांचे, परंतु व्यवहार कोणत्याही लहान गावाचा असतो तसाच. अशा गावांतील किराणा दुकानदाराला, शिंप्याला, मिठाईवाल्याला हल्ली एक नवी विवंचना जडली आहे. दुकान उघडावे, माल मांडावा, गिऱ्हाइकाशी गोड बोलावे, एवढ्याने पूर्वी भागत असे. आता मोबाइलवरही दुकान मांडावे लागते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवर मालाची छायाचित्रे टाकावीत हे त्याला पटलेले असते. पण किती वेळा? सल्ला देणारे पुष्कळ, आणि त्यांतील बहुतेकांचे उत्तर एकच: रोज, न चुकता.

या उत्तराचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही. छायाचित्र काढणे, दोन ओळी जुळविणे, आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरे देणे, यांत रोजचा एक तास सहज जातो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाचे 312 तास झाले. आठ तासांचा दिवस मानल्यास एकोणचाळीस दिवस! घरच्याच माणसांवर दुकान चालविणाऱ्याने सव्वा महिना कामावर गैरहजर राहावे, असाच या सल्ल्याचा अर्थ होतो. शिवाय रोज टाकलेले रोज दिसतेच असेही नाही. पाठोपाठ आलेला मजकूर त्याच क्रमाने दाखविण्याची जुनी रीत सोडण्याचे इन्स्टाग्रामने 2016 साली जाहीर केले. तेव्हापासून कोणाला काय दाखवावयाचे हे त्या कंपनीचे गणित ठरविते. दुकानदार अधिक बोलला की माध्यमाला फुकट मजकूर मिळतो, म्हणून त्याने अधिक बोलावे यात माध्यमाचे हित उघड आहे. दुकानदाराचे हित कशात आहे, ते निराळे पाहावे लागते.

ते पाहावयास कुंभकोणमचा परिसर फार चांगला. जवळच्या स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती आहेत. प्रथम मेण व राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर चढवावयाचे, ते वाळू द्यावयाचे, मग तापवून आतील मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. त्यानंतर छिन्नीचे काम, आणि त्याला आणखी कितीतरी दिवस. या कारागिराला रोज नवे दाखवावयास सांगणे म्हणजे त्याने रोज तेच दाखवावे असे सांगणे होय. मात्र याच सावकाशीत त्याची सोय आहे. मेणाची मूर्ती, मातीचा लेप, धातूचा रस, फुटलेला साचा, छिन्नीचे काम: एका मूर्तीत पाच प्रसंग आहेत. आठवड्याला एक, तोही ठरलेल्या वारी दाखविला, तरी पाहणारा पुढच्या आठवड्याची वाट पाहील. मिठाईवाल्याची गोष्ट अगदी उलट. त्याचा माल सायंकाळपर्यंत संपावयाचा असतो. व्हॉट्सॲपवरील ‘स्टेटस’ चोवीस तासांत नाहीसे होते, ते जणू त्याच्यासाठीच निर्माण झाले आहे. त्याने रोज सकाळी बोलावे.

तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांची लय तिसरीच. आडी आणि मार्गळी या दोन तमिळ महिन्यांत लग्ने होत नाहीत. तेव्हा मार्गळी सरून तै लागला की लग्नांची घाई होणार, हे विणकराला पंचांगावरून कळते. त्याने मार्गळीत वारंवार बोलावे आणि एरवी माफक. नाच्चियारकोविलचा पितळी दिवा तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. गिऱ्हाईक पुन्हा केव्हा येणार याचा भरवसा नाही. त्या कारागिराने कार्तिगै दीपोत्सवापूर्वीचे काही आठवडे साधले आणि वर्षभर महिन्याला एकदोनदा दर्शन दिले, तरी पुरे.

याचा अर्थ मौन धरावे असा नव्हे. ज्या दुकानाचा शेवटचा मजकूर तीन वर्षांपूर्वीचा आहे, ते दुकान चालू आहे की बंद झाले, असा संशय परगावच्या माणसाला येतोच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो एकदाच कोरला आणि आजही वाचता येतो. दगडाला शोभते ते मोबाइलला शोभत नाही. येथे आठवड्याला दोनदा बोलून ते वर्षभर निभावणे हे महिनाभर रोज बोलून पुढे गप्प बसण्यापेक्षा केव्हाही चांगले.

व्हॉट्सॲपवर अधिकच जपावे लागते, कारण तेथला निरोप गिऱ्हाइकाच्या घरात, मुलाबाळांच्या निरोपांच्या शेजारी, जाऊन बसतो. एकाच वेळी अनेकांना धाडलेला निरोप ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे, त्यांनाच पोहोचतो. नको तितके बोलणाऱ्याचा क्रमांक लोक पुसून टाकतात; मग उरलेले सारे बोलणे हवेतच. उलट, पुण्याच्या एखाद्या गृहिणीने दिव्याची उंची, वजन आणि किंमत विचारली, तर तिला त्याच दिवशी मिळालेले उत्तर दहा नव्या छायाचित्रांहून अधिक विक्री करील. रोजच्या तासातला वेळ वाचवावयाचा तो याच कामासाठी.

कुंभकोणमचा महामहम् उत्सव बारा वर्षांनी येतो. मागचा फेब्रुवारी 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये आहे. अणैक्करैचा बंधारा ओलांडून येणाऱ्या यात्रेकरूंना चोळपुरम् वाटेतच लागेल. तेथील एखाद्या उपाहारगृहाने त्या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ दोन ओळी लिहाव्यात: जेवण किती वाजेपर्यंत मिळेल, गाडी कोठे उभी करता येईल, पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही. एरवी रविवारच्या बेताची एक ओळ शनिवारी लिहिली की त्याचे काम झाले.