काम आधीं लिहा, मग हुन्नर मागा
(आशाताईंच्या कामाविषयीं केलेलें भाषण)



या सभेंत शेतकरी आहेत, सुतार-लोहार आहेत, कुंभार आहेत. त्यांना आम्ही एक साधा सवाल विचारतों. सुताराकडे जातांना त्याचें काम कोणतें हें कोणाला विचारावें लागतें काय? बलुत्याच्या काळींहि तें ठरलेलें होतें. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती सुगीच्या धान्यावर; नवी गाडी घडवावयाची तर तिचे पैसे निराळे. कागद नव्हता, पण हद्द होती. त्या हद्दीमुळें सुताराच्या हुन्नराला किंमत राहिली.

महारवतनाला मात्र हद्दच नव्हती. निरोप पोंचवा, अंमलदाराचें सामान वाहा, सांगूं तें करा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारें बिल आणलें, तेव्हां त्यांचें गाऱ्हाणें नुसत्या तुटपुंज्या मोबदल्याचें नव्हतें. रात्रंदिवस ताबेदारी, आणि वतनदार घरीं नसला तर घरांतल्या दुसऱ्या माणसाला हजर करावयाचें, हा खरा जाच होता. तें वतन १९५८ सालच्या कायद्यानें गेलें. पण काम न लिहितां माणूस राबविण्याची संवय गेली काय? आमच्या मतें नाहीं. ती आज आशाताईच्या दारांत उभी आहे.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें आणि हजार वस्तीमागें एक आशा नेमावयाची असें ठरलें. ती त्याच गांवची असावी. शक्यतों विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. वय २५ ते ४५. शिक्षणाची अट पहिल्यानें आठवीची होती. गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत न्यावें, लेंकरांना लस टोंचून घ्यावी, बाळंतिणीच्या घरीं जावें. थोडक्यांत, गांव आणि दवाखाना यांमधला सांकव व्हावें, ही मूळ कल्पना. कल्पना चांगलीच होती, यांत वाद नाहीं.

गांवच्या बाईला एवढें जमेल काय, असें शहाणी माणसें विचारतात. त्यांनीं गडचिरोलीकडे पाहावें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें तेथील ३९ गांवांत थोडेंसें शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाची निगा शिकविली. काम मोघम ठेवलें नाहीं. बाळाचें वजन करावयाचें, ताप पाहावयाचा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावयाचे. ६० किंवा जास्त भरले तर तो धोका समजावयाचा. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले बालमृत्यु, ज्या गांवांत हें काम नव्हतें त्यांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत तें प्रसिद्ध झालें. श्वास मोजावयाला इंग्रजी लागत नाहीं, कूळ लागत नाहीं. नजर, घड्याळ आणि सराव लागतो. काम नेमकें सांगितलें म्हणूनच तें शिकवितां आलें.

२०११ पासून हीच रीत देशभर आशांकडे आली. बाळंतपण दवाखान्यांत झालें तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीं अशा सहा भेटी. घरीं झालें तर पहिल्या दिवसाची एक अधिक. येथवर सारें ठीक.

पुढें या ना त्या खात्याची पाहणी आली, शिबिराला माणसें जमविणें आलें, मोबाइलवर माहिती भरणें आलें. २०२० सालीं करोनांत घरोघर फिरावयाला हीच बाई पुढें. हुकूम येत गेले. जुनें एखादें काम कमी झाल्याचा हुकूम आम्हीं तरी ऐकला नाहीं. आणि नांव काय? स्वयंसेविका! मिळतें काय? मानधन! मान किती आणि धन किती, हें तिच्या घरच्यांना विचारा.

याचा तोटा एकट्या ताईचा नाहीं. तिसऱ्या दिवशीं ज्या बाळाचे श्वास मोजावयाचे, त्याच दिवशीं ताई तालुक्याला कागद पोंचवीत असेल, तर जातें कोणाचें? तुमचें आमचेंच लेंकरूं जातें.

“सेवेला कसली यादी?” असें म्हणणारे भेटतात. असें म्हणणाराच्या स्वतःच्या खुर्चीचीं कामें मात्र छापील असतात. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाड्यांच्या सेविका-मदतनिसांनाहि बरींच वर्षें मानसेवीच म्हटलें जात असे. सुप्रीम कोर्टानें एप्रिल २०२२ मध्यें त्यांचें काम पाहिलें आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. २०१३ सालीं भारतीय श्रम परिषदेनेंहि अशा योजनांतल्या बायांना कामगार मानून किमान वेतन द्यावें, अशी शिफारस केली होती.

तेव्हां येत्या ग्रामसभेंत एवढें करा. आशाताईकडून कोणकोणतीं कामें घेतलीं जातात, त्यांची यादी तिच्याच तोंडून लिहून घ्या. प्रत्येक कामापुढें तीन गोष्टी मांडा : हें काम कोणत्या लेखी हुकुमानें आलें, तें तिला किती दिवस शिकविलें, आणि त्याचे किती पैसे मिळतात. जेथें तिन्ही जागा कोऱ्या राहतील, तीं कामें ठरावांत नांवानिशीं घालून आरोग्य केंद्राकडे पाठवा, आणि ठरावाची एक नक्कल सहीशिक्क्यासह ताईच्या हातांत द्या.