चहाच्या मळ्यात कशाला गेलो होतो?

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या गटांच्या तायांनो, मावश्यांनो, आणि सुनेला सोडायला म्हणून आलेल्या पण सगळ्यात पुढे बसलेल्या सासूबाईंनो, नमस्कार.

मला आज हळद उद्योगावर बोला म्हणून सांगितलं होतं. ते राहू द्या पुढच्या वेळी. मागच्या बैठकीत पेटीत एक चिठ्ठी निघाली, बिननावाची. तिच्यावर लिहिलं होतं, "गटाचे पैसे घेऊन बाया केरळात फिरून आल्या. हिशोब द्या." चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईचा मला राग नाही. हिशोब मागणं हे तर आपण गटातच शिकलो. म्हणून आज हिशोब देते, आणि त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

आधी पैसे. सप्टेंबर 2022 पासून पंधरा जणींनी सहलीची वेगळी भिशी लावली होती. महिन्याला 250 रुपये, दोन वर्षांचे 6,000. गटाची बचत वेगळी, ही वेगळी, वहीसुद्धा वेगळी. सप्टेंबर 2024 मध्ये, गणपती उठले आणि सोयाबीन काढणीला यायचं होतं, त्या मधल्या दिवसांत गेलो. माणशी खर्च असा: रेल्वे जाऊन-येऊन 1,740. तिथली सतरा सीटची गाडी तीन दिवस 24,000, ती माझ्यासकट सोळा जणींत वाटली तर 1,500. तीन रात्रींचा मुक्काम 1,350. जेवण 1,100. तिकिटं आणि बाकी 410. झाले 6,100. वरचे शंभर ज्याचे त्याने घातले. माझे मी भरले, पावती सचिवताईंकडे आहे.

आता "काहून गेल्या?" हा दुसरा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात बाई नर्सीला गेली, औंढ्याला गेली, पंढरपूरला पायी गेली तर तिला कोणी हिशोब विचारत नाही. उलट पाया पडतात. आणि तीच बाई म्हणाली की मला चहाचं झाड बघायचंय, तर घरात भांडी आपटतात. मला वारीबद्दल काही म्हणायचं नाही, माझी आजी आठ वेळा गेली. पण चहा आपण दिवसातून चार वेळा उकळतो, पाहुणा आला की उकळतो, बैठक भरली की उकळतो, आणि तो कुठल्या झाडाचा, कोण तोडतं, हे पंधरापैकी एकीलाही माहीत नव्हतं. मलाही नाही. एमएसडब्ल्यूला कोणी शिकवलं नाही.

घरच्यांची भीती खरी होती, हेही सांगते. त्याच वर्षी 30 जुलैला वायनाडला डोंगर कोसळून गावं वाहून गेली होती. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं होतं. वायनाड वेगळं, आपण चाललो मुन्नारला, इडुक्की जिल्ह्यात, हे मी घरोघर जाऊन समजावलं. तरी निघायच्या दिवशी एकीला घरून नाही आलं. ती पिशवी भरून हिंगोली स्टेशनवर आली होती, नवरा मागून आला, आणि ती त्याच्या गाडीवर बसून परत गेली. आम्ही चौदा आणि मी, पंधरा जणी गेलो. तिची रेल्वे आणि गाडी बुडाली, बाकीचे 2,860 आम्ही परत केले. तिने ते घेताना काही बोलली नाही.

दोन रात्री आणि मधला दिवस रेल्वेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सगळं होतं. एर्नाकुलमला उतरल्यावर पहिल्या हॉटेलात टेबलावर गुलाबी कोमट पाणी आलं. कोणी हात लावेना. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "औषध घातलंय, पिऊ नका गं." ते एका झाडाच्या लाकडाचं पाणी, पतिमुगम म्हणतात, तिकडे घरोघर पितात. चौथ्या दिवशी मात्र भाताकडे बघवेना. जाड लालसर भात, खोबऱ्याचं तेल. भाकरीची आठवण काढून दोघी खरंच रडल्या.

एर्नाकुलमहून मुन्नार सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर. नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा 1935 सालचा जुना पूल लागतो, तिथून घाट सुरू. आदिमालीच्या आधी रस्त्याला लागूनच धबधबे पडतात. आपल्यातल्या निम्म्या जणींनी ते पाहिले नाहीत, कारण त्या खिडकीतून वेगळंच काम करत होत्या. लिंबू, मिरे, आवळासुपारी, काही चाललं नाही. पुढच्या वेळी घाटाच्या आधी पोटभर जेवू देणार नाही, ही माझी दुसरी चूक.

आणि मग एका वळणावर सगळ्या गप्प झाल्या. डोंगरच्या डोंगर, कंगव्याने भांग पाडल्यासारखे. मध्ये सिल्व्हर ओकची उंच झाडं. समुद्रसपाटीपासून साधारण सोळाशे मीटर उंच. मुन्नार म्हणजे तमिळमधून तीन नद्या, मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला, तिथे एकत्र येतात म्हणून.

आमच्याबरोबर गाईड म्हणून एक मुलगी होती, माझ्याच वयाची, हिंदी चांगली. तिने पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की हे झुडूप नाही, झाड आहे. मोकळं सोडलं तर आपल्या लिंबापेक्षा उंच जाईल. कमरेएवढं ठेवायचं म्हणून छाटतात. वरची दोन पानं आणि एक कळी खुडायची. चार-साडेचार किलो हिरवं पान तोडलं की एक किलो चहा होतो. हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झाडाचा. संग्रहालयात जुनी यंत्रं ठेवली आहेत, तिथे पान सुकवणं, चिरडून-मळून गोळा करणं, हवा लावून तांबूस होऊ देणं, भाजणं आणि चाळणं असं सगळं समजावून देतात. वसमतकडच्या तायांनी लगेच मेळ लावला: आपलं हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश, मग कांडी वेगळी, गट्टू वेगळा. तसंच. आपण आणतो ती पावडर म्हणजे झाडलोट असते का, असं एकीने विचारलं. नाही हो. चाळणीतून सगळ्यात बारीक निघतो तो दर्जा. लवकर रंग सोडतो, म्हणून आपल्याला तोच लागतो.

टॉप स्टेशन म्हणून एक उंच जागा आहे, बत्तीस किलोमीटर वर. तिथे आम्ही दीड तास धुकं पाहिलं. बस्स. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी 2018 ला फुलून गेली, आता 2030 ला.

मसाल्याच्या बागेचंही सांगून टाकते. गाडीवाल्याने न विचारता एका बागेत नेलं, जिथे त्याचं कमिशन असणार. सगळ्यांना तेलं विकत घ्यायला लावत होते. तिथे 100 ग्रॅम हळदीचं पाकीट 90 रुपये. आपल्या मावशींनी ते नाकाजवळ नेलं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "म्या यांना शिकवायला येते." सगळ्या हसल्या, पण संध्याकाळी हिशोब मांडला. म्हणजे किलोला 900. आपल्या मोंढ्यात क्विंटलला तेरा-चौदा हजार. हळद पाकिटाचा जो ठराव आज दुपारी येणार आहे, तो त्या मुक्कामाच्या खोलीत लिहिलेला आहे. बाकीचं त्या वेळी.

आता ज्यासाठी मी हे सगळं बोलतेय ते. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर मळ्याच्या कडेला पान तोडणाऱ्या बाया भेटल्या. डोक्यावर प्लास्टिक, कमरेला पोतं बांधलेलं, हातात पान कापायची कात्री. बहुतेक तमिळ. भाषा कुणाला कुणाची येईना. त्यांनी आमच्या बोटांचा पिवळा रंग बघितला, आम्ही त्यांच्या बोटांचे काळे डाग. मग आपली एक ताई गाईडला म्हणाली, "विचार यांना, उचल किती मिळते?"

ती ताई दर वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. एक कोयता. सहा महिने कोपीत.

उचल हा शब्द गाईडला समजावताना माझी दमछाक झाली. तिथे उचल नाही, रोजी आहे. पण बाकीचं ऐकून ती ताई मान हलवत राहिली. घर कंपनीचं, लाईनीत एकाला एक लागलेल्या खोल्या. काम संपलं, निवृत्त झालं की खोली सोडायची. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही जमीन नाही. 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री राजमलाजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली ती अशाच खोल्यांवर. 70 माणसं गेली. आम्ही फोटो काढत फिरत होतो, ते याच डोंगरांत.

आणि गाईडने 2015 ची गोष्ट सांगितली. तिची आई त्यात होती. सप्टेंबर महिना होता. बोनस 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणला. युनियनवाल्या पुरुष पुढाऱ्यांवर बायांचा भरवसा उरला नव्हता. हजारो बाया स्वतः उतरल्या आणि मुन्नारचा रस्ता अडवून बसल्या, नऊ दिवस. पुढाऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही. स्वतःला नाव दिलं पोंबिळै ओरुमै, म्हणजे बायांची एकी. 20 टक्के मिळवले. रोजी 232 रुपये होती, त्यांनी 500 मागितले. पुढच्या महिन्यात 301 वर तुटलं. पाचशे नाही मिळाले, हे गाईडने दोनदा सांगितलं, आपण जिंकल्याच्या गोष्टी तेवढ्याच सांगतो म्हणून. त्या बाया घरी काय सांगून बसायला गेल्या होत्या, असं आपल्या ताईने विचारलं. गाईड म्हणाली, आई सांगायची, स्वयंपाक करून ठेवायचा आणि निघायचं, सांगायचं नाही.

त्या रात्री ती ताई माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या रजिस्टरचं मला बोचतंय."

ही माझी चूक. ऐका. ही ताई सहलीच्या भिशीत पहिल्या दिवसापासून होती, पण वर्षातले सहा महिने ती फडावर. दोन हंगामांचे बारा हप्ते राहिले, म्हणजे 3,000 कमी. निघायच्या आधी तिने गटातून 3,000 अंतर्गत कर्ज घेतलं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: शेळी. मी तपासणीला गेले तेव्हा मला माहीत होतं की शेळी आलेली नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "सहल लिहिलं तर बाया हसतील, घरी कळंल." मी सही केली. तेव्हा मला वाटलं मी तिला मदत करतेय.

म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईचं म्हणणं 3,000 रुपयांपुरतं खरं आहे. गटाचे पैसे गेले होते. ते परत आले, सहा हप्त्यांत, व्याजासकट. तिने फडावरून दर महिन्याला फोनवरून पाठवले, लाडक्या बहिणीच्या पंधराशेतून. एकही हप्ता चुकला नाही. हे मी तिला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही, आणि कृपा करून तुम्हीही शोधत बसू नका. पण खोट्या कारणावर सही माझी आहे. उद्या दुसरीने शेळी लिहून पैसे नवऱ्याच्या जुगाराला दिले, तर मी कोणत्या तोंडाने अडवू?

मी परत येऊन पाच-सहा गटांची रजिस्टरं नीट पाहिली. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना. सारखी तीच कारणं. यातल्या किती शेळ्या खऱ्या आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात माहेरची बांगडी आहे, पोरीचा मोबाईल आहे, एकीचा दात आहे. खरं कारण लिहायची लाज वाटते म्हणून शेळी.

केरळात कुडुंबश्रीच्या बायांना भेटलो, आदिमालीजवळ, तासभर. 1998 पासून त्यांचं काम चालू आहे. दहा ते वीस बायांचा शेजारगट, अयलकूट्टम. आठवड्याला बैठक, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. त्यांच्या वहीतली कर्जाची कारणं मी मुद्दाम विचारली. एकीने हसून सांगितलं, गेल्या वर्षी आम्ही सगळ्या समुद्र बघायला गेलो, त्याचं कर्ज. वहीत तसंच लिहिलेलं होतं.

तर आज मी हा ठराव मांडते. अंतर्गत कर्जाच्या कारणांमध्ये "सहल" हे कारण घ्यावं. मर्यादा 3,000, सहा हप्ते, व्याज इतर कर्जाइतकंच. ज्या तायांचे ऊसतोडीमुळे भिशीचे हप्ते राहतात, त्यांना ते फडावरून किंवा परत आल्यावर भरायची मुभा द्यावी. विरोध असेल तर उभं राहून बोला, चिठ्ठी नको. सासूबाईंनो, तुम्हीसुद्धा.

पुढच्या सहलीची यादी बाहेर टेबलावर आहे. मुन्नारच्या एसटी डेपोत जुन्या बसमध्ये पलंग टाकून झोपायची सोय तिकडच्या एसटीने 2020 ला काढली, तेव्हा माणशी 100 रुपये होते. आजचा दर विचारून मुक्कामाचा खर्च कमी करू. यादीत पहिलं नाव मी लिहिलेलं नाही. सकाळी मी खुर्च्या लावत होते तेव्हाच कोणीतरी लिहून गेलं होतं. स्टेशनवरून परत गेलेल्या ताईचं आहे.

सचिवताई, ठराव वाचा.