तुमच्या अ‍ॅपचा फोटो पेपरात का येत नाही?

आजचा विषय साधा आहे: स्क्रीनशॉट. आपण दिवसातून दहा वेळा काढतो. पण तो पेपरात किंवा पुस्तकात छापायचा म्हटलं, की प्रश्न येतो, हा आहे कुणाचा?

बटण तुम्ही दाबलं म्हणून तो तुमचा होत नाही, बरं का. पडद्यावरची मांडणी, आयकॉन, चित्रं ज्यांनी केली, त्यांचा हक्क त्यात राहतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ पत्रकारांना थोडी मोकळीक देतं. चालू घडामोडींची बातमी किंवा समीक्षा असेल, तर रास्त प्रमाणात वापर चालतो. पण क्लासच्या नोट्स, 'मोबाइल शिका'सारखी पुस्तकं यांना ती मोकळीक मिळेलच, असं धरून चालता येत नाही.

आता ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे अ‍ॅप राज्यभर सुरू झालं. औशाचा किंवा मुखेडचा सोयाबीनवाला शेतकरी पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायला लागला. त्याला लेख वाचून कळत नाही, कुठं बोट लावायचं ते चित्रात दिसावं लागतं. आणि छापलेलं चित्र जुन्या आवृत्तीचं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून धूसर झालेलं असेल, तर? माणूस चुकीचं बटण दाबतो, नाहीतर नाद सोडून देतो.

दोष एकट्या पेपरवाल्यांचा नाही. रात्री पान सोडायची घाई असते. उपसंपादक परवानगीसाठी कुणाला ईमेल करणार आणि उत्तराची वाट कधी बघणार? ज्या चित्रावर परवानगी आधीच लिहिलेली आहे, तेच त्याच्या कामाचं.

ही आधीच लिहिलेली परवानगी म्हणजे मुक्त परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचे असे परवाने २००२ पासून आहेत. 'सीसी बाय' म्हणजे वापरा, फक्त श्रेय द्या. 'सीसी बाय-एसए' म्हणजे श्रेय द्या, आणि चित्रात बदल करून ते पुढं दिलंत तर त्याच परवान्यानं द्या. 'सीसी झिरो' म्हणजे श्रेयाचीही अट नाही. 'एनसी' लावायचा मोह होतो, म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. पण पेपर विकला जातो, त्यात जाहिराती असतात. मग संपादक कचरतो. 'एनडी' लावला तर चित्रात बदल करून ते छापता येत नाही. आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, तेव्हा विचार करूनच द्या.

नांदेडच्या विद्यापीठात किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून कुणी बाजारभावाचं अ‍ॅप केलं असेल, तर आता नीट ऐका. हक्क तुमच्याकडे आहे, म्हणून परवाना तुम्हीच देऊ शकता. टीम असेल तर आधी सगळ्यांना विचारा. मग वेबसाइटवर 'माध्यमांसाठी' असं एक पान करा, आणि त्यावर चार-पाच स्क्रीनशॉट ठेवा.

ते काढताना एवढं सांभाळा:

पहिलं, खरी माहिती दिसू देऊ नका. मोबाइल नंबर, आधार, गट क्रमांक, वरून आलेलं नोटिफिकेशन, काहीच नको. नमुन्याची माहिती भरा.

दुसरं, पडद्यावर दुसऱ्याचा फोटो, नकाशा किंवा सिनेमाचं पोस्टर नको. त्याचा परवाना तुम्हाला देता येत नाही.

तिसरं, मूळ पीएनजी फाइल ठेवा. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला साधारण ९ सेंटिमीटर रुंद छापलं जातं. पेपराला तेवढं पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवायचं झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक होतं.

चौथं, फोटोओळ तयार द्या: अ‍ॅपचं नाव, आवृत्ती, तारीख, श्रेय कुणाला, परवाना कोणता. पेपरवाल्यानं नुसतं उचलून लावायचं.

अ‍ॅप बनवत नसाल, तरी काम आहे. लिबरऑफिस, फायरफॉक्स ही मुक्त सॉफ्टवेअर मराठी मेनूसह वापरता येतात. त्यांचे परवानेच मोकळे आहेत, म्हणून त्यांचे स्क्रीनशॉट विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात. २००४ मध्ये सुरू झालेलं हे भांडार आहे, तिथून कुणीही चित्र घेऊन छापू शकतं. विंडोजचा पडदा मात्र तिथं चालत नाही, तो काढून टाकतात. म्हणून नुसत्या प्रोग्रॅमच्या खिडकीचंच चित्र घ्या, आणि सॉफ्टवेअरचा परवाना वर्णनात लिहा.

याचा फायदा कुणाला? मराठीतून कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराच्या पुस्तकात धडा मराठीत आणि चित्रातला मेनू इंग्रजीत असला, की त्याला वाटतं, मराठीत हे नसतंच. असतं की! फक्त त्याला ते कुणी दाखवलेलं नसतं.

तर या आठवड्यात एवढं करा. मराठी मेनूचा एक स्वच्छ स्क्रीनशॉट काढा, परवाना लिहा, कॉमन्सवर टाका. आणि गावातला कुणी वार्ताहर ओळखीचा असेल, तर त्याला लिंक पाठवा. पुढच्या भागात भेटू. राम राम!