वायगावची हळद आणि कर्नालची म्हैस



मागे एका खेड्यातल्या शाळेत मी क्लोनिंग म्हणजे काय ते सांगत होतो. मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग माझे बाबा तर दरसाल क्लोनिंग करतात!" सारा वर्ग हसला. पण पोरगा चुकला नव्हता बरं का. त्याच्या घरी हळदीचे पीक होते.

आपल्या वर्धा जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद तुम्ही जाणताच. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे बी कोणी पेरीत नाही. जेठे गड्डे राखून ठेवायचे आणि पुढच्या हंगामात लावायचे, ही रीत. त्या गड्ड्यातून उठणारे रोप म्हणजे आईचेच अंग. कारंजा-आष्टीकडे संत्र्याचेही तसेच. जंभेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरला, की फळ त्याच झाडाचे येते. नरमादीच्या संयोगावाचून, एकाच जीवापासून त्याच आनुवंशिक गुणांचा दुसरा जीव तयार करणे, याचेच नाव क्लोनिंग.

जनावराचा डोळा काही भरता येत नाही. तेथे युक्ती वेगळी. एका मादीचे बीजांड घेऊन त्यातले केंद्रक काढून टाकतात. ज्या जनावराची प्रतिकृती हवी, त्याच्या शरीरातली एक पेशी त्या बीजांडाशी जोडतात. गर्भ वाढू लागला, की तो दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवतात. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये अशीच डॉली नावाची मेंढी जन्मली. काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी पांढऱ्या तोंडाचे कोकरू आले. कारण पेशी पांढऱ्या मेंढीच्या कासेतली होती.

आपल्या देशातही हे घडले. हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी म्हशीचे क्लोन पारडू जन्मले. पुढे त्याच संस्थेतली गरिमा-२ ही क्लोन म्हैस २०१३ साली स्वतः व्याली. २०२३ साली तेथे गीर गाईची 'गंगा' नावाची क्लोन कालवडही जन्मली.

तुम्ही म्हणाल, चांगलेच झाले की! दुभत्या म्हशीसारख्या दहा म्हशी मिळाल्या तर कोणाला नको आहेत? खरे आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहू या. डॉलीच्या वेळी २७७ बीजांडांवर प्रयोग झाला, तेव्हा एक कोकरू हाती लागले. कर्नालचे ते पहिले पारडू थोड्याच दिवसांत दगावले. हळदीचा गड्डा कुजला तर आपण तो बांधावर फेकतो. पारडू धापा टाकू लागले, तर ते तसे फेकता येईल का? मुक्या जीवाच्या वेदनेचा आकडा कोणत्या रकान्यात मांडायचा?

दुसरी गोष्ट. सारे एकसारखे, म्हणजे साऱ्यांचे मरणही एकसारखे. ग्रो मिशेल नावाची केळी एके काळी जगाच्या बाजारात होती. साऱ्या बागा एकाच वाणाच्या कंदांपासून वाढलेल्या. मुळातून शिरणारा पनामा रोग आला आणि १९६० च्या सुमारास तिचा मोठा व्यापार संपला. आता आपली गवळाऊ गाय पाहा. ती याच वर्ध्याची, काटक आणि चपळ. तिचा वाण टिकवायचा, तर एका नामांकित गाईच्या शंभर प्रतिकृती पुरणार नाहीत. गोठ्यागोठ्यांतल्या निरनिराळ्या गाई आणि निरनिराळे चांगले वळूच राखावे लागतील. एखाद्या मरू घातलेल्या वंशाची पेशी जपून ठेवणे शहाणपणाचे आहे. पण ती कळपाची जागा घेणार नाही.

आणि माणसाचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी क्लोन करून मूल जन्माला घालण्यास मनाई केली आहे. हे योग्यच. दुसऱ्याची नक्कल म्हणून जन्मलेल्या लेकराने स्वतःचे म्हणून काय जगावे?

शिक्षक बंधु-भगिनींनो, एक सोपा प्रयोग मुलांकडून करून घ्या. हळदीच्या एकाच गड्ड्याचे, डोळे असलेले दोन तुकडे दोन कुंड्यांत लावा. एक कुंडी उजेडात ठेवा, एक काळोख्या कोपऱ्यात. दोन्ही रोपांचे बीजगुण एकच, पण वाढ सारखी होणार नाही. वाण जन्माबरोबर मिळतो. जोपासना आपल्याला करावी लागते. एवढे मुलांना उमगले, तरी पुष्कळ झाले.