थैली कोणाच्या हाती?



अपंगांना सरकारने मदत करावी की नाही, हा आजचा विषय नव्हे. तो वाद केव्हाच मिटला. मदतीचा पैसा कोणत्या वाटेने जावा आणि थैली कोणाच्या हाती असावी, एवढेच आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

पहिली वाट संस्थेची. सरकार संस्थेला अनुदान देते, संस्था सेवा देते. आपली दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजना याच वाटेची. शिक्षक, साधने आणि अनुभव एके ठिकाणी येतात, हा तिचा गुण. पण अनुदान अडले की शाळा अडते, आणि जेथे संस्थाच नाही त्या गावच्या मुलाच्या पदरी काही पडत नाही.

दुसरी वाट दरमहा रोख वेतनाची. केंद्राची अशी योजना 2009 साली सुरू झाली. ती दारिद्र्यरेषेखालील, 80 टक्के अपंगत्व असलेल्या प्रौढांपुरती. केंद्राचा वाटा 2012 साली 200 रुपयांवरून 300 झाला, आणि तेथेच थांबला. राज्ये आपापली भर घालतात. म्हणून सीमा ओलांडली की रक्कम बदलते.

तिसरी वाट ऑस्ट्रेलियाने 2013 सालच्या कायद्याने धरली. तेथे प्रत्येकाच्या गरजांचा आराखडा करून त्याच्या नावे रक्कम ठरते. मदतनीस कोण, हे बहुतेक वेळा तोच निवडतो. त्यासाठी 2014 साली तेथील आरोग्यपट्टी दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली. पुढे खर्च एवढा वाढला की 2024 साली कायद्याला मुरड घालावी लागली. म्हणजे ही वाटही फुलांची नव्हे.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या 2016 सालच्या कायद्याने सांगितले, की अशा योजनांत अपंगांना इतरांहून निदान 25 टक्के अधिक मिळावे. मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हे शब्दही त्याच कलमात आहेत. केंद्राचा विधवा भगिनीस वाटा 300, अपंगासही 300. पाव हिस्सा कोठे गेला?

दोघांचेही वाढावे, हे आमचे म्हणणे. पण दिलेला शब्द आधी पाळावा. दयेला तारीख नसते, रक्कमही नसते. हक्काला दोन्ही असतात. आणि त्याच विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घेतली पाहिजे.